पळसाची उजवी बाजू

१

लांडग्याची दोन पिल्लं धुरानं गुदमरून मेली, ही बातमी मला लग्नाच्या मांडवात कळली. नवरदेवाची मामी तिसऱ्यांदा फोटोला उभी राहत होती, कारण आधीच्या दोन्ही फोटोंत तिचे डोळे मिटले होते. खिशात फोन सारखा वाजत होता. मामीला एकदाचं मार्गी लावलं आणि फोन काढला, तर वनरक्षक अंगद यांनी फोटो पाठवला होता. बिळाचं तोंड काळंठिक्कर पडलेलं आणि समोर मातीत दोन पिल्लं आडवी. खाली लिहिलं होतं, 'सर्जेराव भाऊ, हे बीळ तुमच्या ग्रुपवर आल्तं ना?'

आलं होतं. नाकारायची सोयच नव्हती.

भोकरदनला बसस्टँडसमोर माझा स्टुडिओ आहे. पोटासाठी माणसांचे फोटो काढतो आणि जीव रमावा म्हणून जनावरांचे काढायचो. 'गवतातले डोळे' नावाचा ऑनलाइन कट्टा आम्ही काही वर्षांपूर्वी सुरू केला. जिल्ह्यातल्या माळावर, ओढ्याकाठी ज्याला जे दिसेल त्याचा फोटो त्यानं टाकावा, बाकीच्यांनी कौतुक करावं, चुकलं असेल तर सांगावं, एवढाच हेतू होता. मी ॲडमिन झालो आणि माझा रानातला कॅमेरा सुटला. आता सकाळी उठून गुलाबाच्या फुलांवरचे सुविचार काढून टाकतो, हा ससाणा की शिक्रा यावरून जुंपलेली भांडणं सोडवतो आणि कुणाचा फोटो कुणी ढापला त्याचा निवाडा करतो. गावच्या पाटलाच्या मागंसुद्धा एवढी कटकट नसेल.

कट्ट्याला शिस्त लावली ती तातेराव गुरुजींनी. शाळेतून निवृत्त झालेले, आमच्यातले सगळ्यांत जुने. घरटं किंवा बीळ असेल तर जागा सांगायची नाही आणि कुणी कुणाला विचारायचीही नाही, हा नियम त्यांचा. 'विचारणारा आणि सांगणारा, दोघंही सारखेच दोषी,' असं ते म्हणायचे. माझ्यासकट सगळ्यांनी हा नियम पाळला होता.

आठवड्यापूर्वी नाजियानं एक फोटो टाकला होता. बिळाच्या तोंडाशी लांडगीण बसलेली आणि एक पिल्लू तिचा कान ओढतंय. बाजूला फुललेला पळस. एवढा जिवंत फोटो आमच्या कट्ट्यावर कधी आला नव्हता. लोकांनी डोक्यावर घेतला. आणि आता तेच लोक लिहीत होते की जागा फक्त काढणारीलाच ठाऊक होती, मग धूर करणाऱ्यांना ती सांगितली कुणी?

मांडवातून बाहेर येऊन मी अंगद यांना फोन लावला.

"बिळासमोर काट्यांचा आडोसा केलेला हाय, भाऊ," ते म्हणाले. "दडून फोटो काढायचा. तो पाहूनच मेंढक्यांना कळलं की इथं जनावर हाय. आता कॅमेरेवाली बाई तिथं फिरताना लोकांनी पाह्यली. मी केसमध्ये तिचं नाव टाकून राह्यलो."

२

दुसऱ्या दिवशी स्टुडिओचं शटर वर केलं तर पायरीवर नाजिया आणि तिचे वडील गयासोद्दीन बसलेले. नाजिया एका खासगी शाळेत शिकवते. गयासोद्दीन यांचं गाद्यांचं दुकान आहे. मुलीला कॅमेरा त्यांनीच घेऊन दिला आणि दर सुट्टीला स्कूटरवर मागं बसवून रानात नेतातही तेच.

"सर्जेराव भाऊ, आडोसा बिडोसा आम्ही काही केला न्हाई," गयासोद्दीन म्हणाले. "आम्ही रस्त्यावरच्या पुलावर उभे. तिथूनच पोरीनं फोटो काढला. खाली पाऊलसुद्धा टाकलं न्हाई. जनावर बुजतं, अब्बा, असं मलाच दटावून राह्यली होती."

"जागा कुणाला सांगितली होती?"

"तुम्हाला तरी सांगितली का, सर?" नाजिया म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "माहीत फक्त मला आणि अब्बांना. म्हणून तर सगळे मलाच धरून राह्यलेत. तुम्ही जसं सांगितलं होतं, बराबर तसंच करून फोटो पाठवला होता मी."

"शाळेत कळलं?"

"मुख्याध्यापक म्हणाले, केस झाली तर राजीनामा द्या."

गयासोद्दीन खाली बघत होते. "भावाभावांत बोलणी खाल्ली मी हिच्यासाठी, भाऊ. पोरगी कॅमेरा घेऊन रानात फिरती म्हणून. आता वनखात्याच्या कागदावर नाव आलं की ते सगळे म्हणणार, बघ, आम्ही सांगत होतो." मग नाजियाकडं बघून म्हणाले, "पोरीचा कॅमेरा गेला तर ती वाळून जाईल."

मी त्यांना चहा पाजला आणि काहीतरी धीराचं बोललो. खरं सांगायचं तर मला तेव्हा फक्त झोप हवी होती. लग्नसराई चालू होती, अल्बम खोळंबले होते, आणि त्यात हे. पण चोर सोडून संन्याशाला फाशी देतात तसं चाललं होतं, आणि फाशीचा दोर माझ्याच कट्ट्यावर वळला जात होता. ते काही सहन होईना.

अंगद यांनी बिळापाशी बोलावलं होतं. पिंपळगावच्या बसला वेळ होता म्हणून गुरुजींकडं गेलो. ते ओट्यावर बसले होते. फोन नाकाला टेकेल इतका जवळ धरून काहीतरी वाचत होते.

"नाजियाचं नाव खरंच टाकणार काय रे?" मला बघताच त्यांनी विचारलं.

"अंगद तसंच म्हणतेत."

"ती पोरगी तसं करणार न्हाई." गुरुजींनी फोन बाजूला ठेवला. "पिल्लं दोनच मेली का? का आणखी होती?"

"दोन सापडली."

दुर्गाबाई काकू पाणी घेऊन बाहेर आल्या. "तुमीच समजवा यांना. दोन दिवस झाले, धड जेवले न्हाईत. त्याआधी रोज रेणुकाईला जातो म्हणून उठून पळायचे. मंगळवार बघत नव्हते का शुक्रवार बघत नव्हते. आता देवीचं नाव काढलं तरी गप."

"डोळे कसे हायेत?" मी विचारलं.

"हायेत तसेच," गुरुजी म्हणाले.

म्हातारा माणूस, जीव लावून बसलेला कट्ट्याला. त्यांचं असं होणारच, असं मला वाटलं आणि मी बस पकडायला निघालो.

३

पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं रस्त्याला पूल आहे. पुलावर अंगद मोटारसायकल लावून उभे होते. इथूनच नाजियानं फोटो काढला होता. समोर कोरडा ओढा, पलीकडं मुरमाचा चढ आणि चढाच्या मधोमध एकच पळस, डाव्या अंगाला चांगलाच कललेला. फुलांनी लालभडक. झाडाच्या डाव्या हाताला काळं पडलेलं बीळ पुलावरूनही दिसत होतं.

आम्ही खाली उतरलो. ओढ्याच्या पात्रात, चढापासून अगदी जवळ, बाभळीच्या फांद्या रचून आडोसा केला होता. आत एक सपाट दगड बसायला आणि पाय टेकायला दुसरा. दगडावर पोतं टाकलेलं. पोत्यावर जालन्याच्या एका बियाण्याच्या दुकानाचा शिक्का होता. ते दुकान आमच्याच कट्ट्यावरच्या कल्याणचं.

ओढ्यात मेंढ्या चारणारा एक माणूस आमच्याकडं बघत उभा होता. अंगद यांनी हाक मारली. कडूबा त्याचं नाव.

"आमी न्हाई पेटवलं, साहेब," तो आधीच म्हणाला.

"पेटवलं कुणी ते मी विचारतच न्हाई," मी म्हणालो. "इथं बसत कोण होतं?"

"माणूस न्हाई दिसला. आमी मेंढरं घेऊन येतो तवा ऊन चढलेलं असतं. काट्याचा आडोसा तेवढा दिसला. पोरं म्हणली, माणूस दडून बसतो तिथं जनावर असणारच. आमची कोकरं गेल्ती, साहेब. मंग पोरांनी सगळा चढ हुडकला." तो थांबला. "सापडलं ते त्या तिकडल्या बाजूला. आडोशाच्या समोर काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं म्हणजे?"

"साळिंदराचं जुनं बीळ हाय तिथं. त्यात कोळ्याची जाळी."

मी आडोशात जाऊन दगडावर बसलो. गुडघे कुरकुरले. फांद्यांत डोळ्यांसमोर खिडकी ठेवली होती. तिच्यातून पाहिलं आणि थकवा जरा वेळ विसरलो. खिडकी पळसाच्या उजव्या बाजूला उघडत होती. समोर साळिंदराचं बीळ. लांडग्याचं बीळ डावीकडं होतं आणि मधल्या काट्यांमुळं ते आतून दिसतही नव्हतं. हा माणूस सकाळच्या सकाळ बसून चुकीच्या बिळाकडं बघत होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी अंगद यांनाही तिथंच सांगितली. आमचा एक छुपा नियम आहे. बिळाचा किंवा घरट्याचा फोटो कट्ट्यावर टाकण्याआधी आम्ही तो आरशात दिसतो तसा उलटा करतो. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. कुणी झाडावरून, टेकडीवरून जागा ओळखायला गेलं तर गोंधळावं म्हणून. ही युक्तीसुद्धा गुरुजींचीच. ती ठाऊक फक्त आम्हा तिघा ॲडमिनना, म्हणजे मी, गुरुजी आणि आकांक्षा. बिळाचा फोटो ज्याचा असेल, त्याला तेवढ्यापुरती सांगायची.

"म्हणजे?" अंगद यांनी विचारलं.

"म्हणजे आडोसा नाजियानं केलेला न्हाई. तिनं बीळ डोळ्यांनी पाह्यलंय, ती डावीकडंच बसली असती. हा केला कट्ट्यावरचा उलटा फोटो बघून आलेल्या माणसानं. फोटोत बीळ उजवीकडं दिसतं, तो उजवीकडं बसला. त्याला आमची युक्ती माहीत न्हाई."

अंगद यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पटतंय. पण मला नाव लागतं, भाऊ. वरून फोनावर फोन येऊन राह्यलेत. उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो."

मी पोत्यावरच्या शिक्क्याकडं पाहिलं. नाव तर समोरच छापलेलं होतं.

४

कल्याणला मी कधी मनापासून माफ केलेलं नाही, हे आधीच सांगतो. तोफेएवढी लेन्स, अंगात लष्करी ठिपक्यांचे कपडे, आणि दुसऱ्याच्या प्रत्येक फोटोखाली 'छान प्रयत्न' असं लिहायची खोड. नाजियाच्या लांडगिणीखाली त्यानं तेवढंही लिहिलं नव्हतं. जळत असणार, असं आम्ही सगळेच म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी जालन्याला त्याच्या दुकानात पोचलो तेव्हा तो गिऱ्हाइकाला कपाशीच्या वाणाचे गुण समजावत होता. मला बघून त्यानं गिऱ्हाईक हाताखालच्या माणसाच्या हवाली केलं आणि आतल्या खोलीत नेलं. मी सरळ मुद्द्यावर आलो. आडोसा, पोतं, उजवी बाजू, सगळं सांगितलं. छुपा नियमसुद्धा.

कल्याण शांतपणे ऐकत होता. मग हसला. तेही थकलेलंच हसू होतं.

"पोती तर माझी अर्ध्या जिल्ह्यात हायेत, काका. लोक त्यांच्यावर वाळवणं घालतेत. आडोशात बसायला दगड होता म्हणालात ना? माझे कुठलेही फोटो काढून बघा. मी पालथा पडूनच काढतो. ही लेन्स घेऊन एवढ्या जवळ बसलो तर लांडग्याचं नुसतं नाक येईल फोटोत."

बोलणं बिनतोड होतं, पण मी हट्ट सोडला नाही. "मग नाजियाच्या फोटोखाली तू काहीच का लिहिलं न्हाईस?"

"कारण तसा फोटो मला जमला न्हाई, आणि जमणारबी न्हाई. असं लिहायचं असतं का?"

मला त्याची थोडी दया आली आणि माझी थोडी लाज वाटली.

"आणि एक सांगू?" कल्याणनं फोन काढला. "तुमचा हिशेबच चुकून राह्यला. बीळ खरं कुठं हाय म्हणालात?"

"झाडाच्या डावीकडं."

"झाड कुणीकडं कललंय?"

"डावीकडं."

त्यानं कट्ट्यावरचा नाजियाचा फोटो उघडून माझ्यासमोर धरला. "मंग हे बघा. बीळ डावीकडं, झाडाचा कल डावीकडं. हा फोटो उलटा न्हाईच, काका. बिलकुल सुलटा हाय."

५

जालन्याच्या स्टँडवर बाकड्यावर बसलो. समोर गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि मला उठवत नव्हतं. तो फोटो मी शंभरदा पाहिला असेल, पण लांडगिणीच्या कानापलीकडं नजर कधी गेलीच नाही. माझ्या फोनात नाजियानं आधी पाठवलेला फोटो होता. तो उघडला. त्यात बीळ उजवीकडं होतं. मग कट्ट्यावर ते डावीकडं गेलं कसं?

आकांक्षाला फोन लावला. ती आमची तिसरी ॲडमिन. नोकरीला हैदराबादला असते, तिथूनच फोटो चढवण्याचं काम बघते. दिवाळीनंतर इकडं फिरकलेली नाही.

"आकांक्षा, नाजियाचा लांडगिणीचा फोटो मी तुला पुढं पाठवला, त्याचं तू काय केलंस?"

"नेहमीचंच, काका. उलटा केला आणि टाकला. का?"

लगेच नाजियाला विचारलं.

"सर, तुम्हीच नव्हतं का सांगितलं, बिळाचा फोटो आरशासारखा करून पाठव म्हणून? मी करूनच पाठवला. काही चुकलं का माझं?"

"नाही, बेटा. तुझं काही चुकलं न्हाई."

नाजियानं उलटा केला. मी आकांक्षाला ते सांगायला विसरलो, कारण त्या दिवशी माझ्यामागं दोन हळदी आणि एक साखरपुडा होता. आकांक्षानं सवयीनं पुन्हा उलटा केला. दोनदा उलटा केलेला फोटो सुलटा होऊन जगासमोर गेला. सावध राहायच्या नादात आम्ही बिळाचा पत्ताच चिकटवून दिला होता.

पण मग माझं कालचं सगळं तर्कट उलटं फिरत होतं. ज्याला आमची युक्ती माहीत नाही, तो माणूस कट्ट्यावरचा फोटो खरा मानणार. फोटोत बीळ डावीकडं आहे. तो डावीकडं जाणार आणि बरोबर बिळासमोर बसणार. कल्याण गेला असता तर तसाच बसला असता. कुणीही बसला असता.

उजवीकडं कोण जाईल? ज्याला पक्कं ठाऊक आहे की बिळाचे फोटो उलटे करून टाकतात. तो डावीकडं दिसणारं बीळ मनातल्या मनात उजवीकडं नेईल. आमची चूक त्याला माहीत नाही, म्हणून दुरुस्ती करायला जाईल आणि स्वतः चुकेल.

युक्ती ठाऊक असणारी माणसं किती? नाजिया, पण तिनं जागा पाहिलेली. आकांक्षा हैदराबादला. मी मांडवात.

शिवाय त्या माणसाला तिथला ओढा न् ओढा माहीत असला पाहिजे, नुसत्या पळसावरून जागा ओळखायला. त्याला पालथं पडता येत नाही, म्हणून बसायला दगड. त्याला लांबचं दिसत नाही, म्हणून इतका जवळचा आडोसा. झाडाचा कल फोटोत डावीकडं. फोटो उलटा असता तर प्रत्यक्षात तो उजवीकडं हवा होता. धड दिसणाऱ्या माणसाच्या हे तिथं गेल्या गेल्या ध्यानात आलं असतं. आणि तो माणूस देवीचा वार सोडून भलत्याच दिवशी रेणुकाईला जात होता.

भोकरदनची बस लागली. मी ती जाऊ दिली. मग दुसरी लागली, तेव्हा उठलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोलणार?

६

ऊन उतरायला लागलं होतं. गुरुजी ओट्यावरच होते. मी शेजारी बसलो. काकू आत होत्या.

"गुरुजी," मी म्हणालो, "पळसाच्या उजव्या बाजूला काय दिसलं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. समोरच्या रस्त्याकडं बघत राहिले. मला वाटलं, नाकारतील. नाकारावं, असंही वाटलं.

"काहीच न्हाई दिसलं रे," ते म्हणाले.

मग बोलले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी जपायची. जन्मभर माळ तुडवला, ससे काढले, कोल्हे काढले, तणमोरसुद्धा एकदा काढला, पण पिल्लांसहित लांडगीण कधी मिळाली नाही. नाजियाचा फोटो त्यांनी फोन डोळ्यांना लावून तुकड्या-तुकड्यानं पाहिला. पळस त्यांनी ओळखला. त्या पट्ट्यात त्यांची पहिली नेमणूक होती.

"मला वाटलं, एकदा बघावं. फोटो न्हाई आला तरी चालंल. पहिल्या गाडीनं जायचो, ऊन व्हायच्या आत परत. कितीतरी सकाळी बसलो तिथं. डाव्या हाताला काहीतरी हलायचं, चाहूल लागायची. पण मी मान वळवली न्हाई. समोर बिळात जनावर हाय, आपण हललो तर बुजंल." ते थांबले. "डावीकडंच होतं का रे?"

"हो, गुरुजी."

"म्हणजे फोटो सुलटा होता."

"आमच्याकडून दोनदा उलटा झाला."

त्यांनी मान हलवली. वर्गातल्या पोरानं सोप्या गणितात चूक केल्यावर हलवायचे तशी. मला त्यांचा राग येत होता, आणि राग करायचीही ताकद राहिली नव्हती.

"नाजियाला विचारलं असतं तर तिनं नेलं असतं तुम्हाला. स्वतः नेलं असतं. का न्हाई विचारलं?"

"कसं विचारणार? जागा विचारायची न्हाई, हा नियम माझाच. लेकराएवढ्या पोरीसमोर तोंड कसं वासायचं?" त्यांचा आवाज फुटला. "कुणाला विचारलं न्हाई, कुणाला सांगितलं न्हाई. मला वाटलं, मी नियम मोडलाच न्हाई. काटे तेवढे तिथं सोडून आलो. उद्या परत बसायचं म्हणून."

"तिचं नाव टाकणार होते, गुरुजी. तुम्ही दोन दिवस गप्प बसलात."

"बसलो," ते म्हणाले.

दारात काकू उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. गुरुजींनी फोन माझ्याकडं सरकवला. "मला बटणं दिसंनात. अंगदला लावून दे."

मी नंबर लावून दिला आणि ओट्यावरून उतरलो. मागं त्यांचा आवाज ऐकू येत होता, शाळेत हजेरी घ्यायचे तसा स्पष्ट. स्वतःचं पूर्ण नाव सांगत होते.

७

अंगद यांनी नाजियाचं नाव टाकलं नाही. गुरुजींना जबाबासाठी बोलावणं गेलं. धूर करणाऱ्यांचं काय होणार, ते अंगद यांनाच माहीत. कट्ट्यावर गुरुजींनी सगळं स्वतः कळवलं, काकूंकडून टाइप करून घेऊन. त्याखाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. ज्यांनी नाजियाला वाटेल ते लिहिलं होतं, त्यांनी आपापले संदेश गुपचूप काढून टाकले. माफी मागितली फक्त कल्याणनं, आणि त्यानं तर काही लिहिलंच नव्हतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी नाजिया आणि गयासोद्दीन स्टुडिओत आले. गयासोद्दीन यांनी मिठाईचा पुडा काउंटरवर ठेवला. नाजियानं कॅमेरा काढला आणि मागचा पडदा माझ्याकडं फिरवला.

"आज सकाळचा हाय, सर. पुलावरूनच."

लांडगीण ओढा ओलांडत होती. तोंडात मानगुटीला धरलेलं एक पिल्लू, जिवंत, पाय पोटाशी घेतलेलं. मागं पळसाची फुलं गळून चढ लाल झालेला. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, इतके फोटो पाहिले, पण वाकून तेच पिल्लू पुन्हा पाहिलं. एक वाचलं होतं.

"टाक कट्ट्यावर," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता टाक. लोकांना कळू दे."

तिनं मान हलवली. "न्हाई सर. सकाळीच मी ग्रुप सोडला. तुम्ही बघितलं न्हाई वाटतं."

मी खरंच बघितलं नव्हतं. सकाळपासून फोन उघडायचा कंटाळा केला होता.

"फोटो काढीन मी," ती म्हणाली. "अब्बांना दाखवीन. तुम्हाला दाखवला. बास."

तिला थांब म्हणायला हवं होतं. ॲडमिन म्हणून मी कितीजणांची समजूत काढून त्यांना परत आणलं होतं. पण तिला सांगण्यासारखं एकही कारण मला सुचलं नाही.

"गुरुजींना तरी दाखवशील?" मी विचारलं. "मोठ्या पडद्यावर लावला तर त्यांना दिसंल अजून."

नाजियानं कॅमेरा बंद केला, पिशवीत ठेवला, चेन ओढली. गयासोद्दीन दारात जाऊन स्कूटर वळवत होते.

"मागितला तर दाखवीन, सर," ती म्हणाली. "पण ते मागणार न्हाईत."